इंचाला फूट : गावभागातल्या एका गल्लीचं चित्र

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणी कुणाला भेटलं की एक प्रश्न येतोच : "पुलाजवळ किती झालं?" पूल म्हणजे १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल, आणि 'किती' म्हणजे फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००५ साली कृष्णा इथे ५४ फुटांजवळ गेली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर. नदीकाठच्या गावभागातली माणसं हे आकडे आपापल्या पायऱ्यांशी जुळवून ठेवतात. "४७ झाले की आमच्या कोपऱ्यात पाणी" असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला त्याचं घर कुठे आहे ते कळतं.

हे आधी सांगितलं, कारण ज्या चित्राचं प्रकरण इथे मांडतो आहे ते या फुटांपाशीच अडलं आणि तिथूनच सुटलं.

चित्रकार माझा जुना विद्यार्थी. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेल्या मुलांपैकी जी थोडी चित्रकलेत टिकली, त्यांतला हा एक. हात चांगला, जलरंगावर पकड, आणि मुख्य म्हणजे बघायचा कंटाळा नाही. पण तो वाढला विश्रामबागेत. तिकडे नदीचं पाणी पोचत नाही. पूर त्याने टीव्हीवर पाहिलेला, नाहीतर पुलाच्या तोंडाशी गर्दीत उभं राहून. २०२१ चं पाणी ओसरल्यावर त्या हिवाळ्यात एका पतसंस्थेने त्याला नव्या सभागृहासाठी काम दिलं. बारा फूट बाय चार फूट कॅनव्हास, विषय 'महापुरातला गावभाग'. माप भिंतीवरून ठरलं होतं. भिंत बारा फुटांची, म्हणून चित्र बारा फुटांचं. त्या वेळी यात कुणालाच काही खटकलं नाही, मलाही नाही.

पुलापलीकडून

तो सांगलवाडीच्या बाजूला गेला आणि तिथून पलीकडचा काठ बघायला लागला. घाट, झाडी, कौलं आणि स्लॅबांची गर्दी, त्यातून वर आलेली शिखरं. काठाचा साधारण किलोमीटरभराचा पट्टा त्याला बारा फुटांत बसवायचा होता. आता हिशेब करू. किलोमीटर म्हणजे ३,२८० फूट. कॅनव्हास १४४ इंचांचा. म्हणजे चित्रातल्या एका इंचात गावाचे जवळजवळ तेवीस फूट. गल्लीत पाच फूट पाणी, म्हणजे माणसाच्या गळ्यापर्यंत, ते या कॅनव्हासवर पाव इंचाहूनही कमी. सुतार-गवंड्यांच्या भाषेत दोन सुतांच्या आत. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ज्यांच्या घरी कधी सुतारकाम झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगितलं.)

बारा फुटी कॅनव्हासवर पाव इंच कुणाला दिसणार? ब्रशचा एक फटकारा त्याहून जाड असतो. म्हणून त्याला पाणी वेगळ्या मार्गाने दाखवावं लागलं. त्याने नदी फुगवली, गढूळ तांबूस रंग काठाच्या वर चढवला, लाटा काढल्या, आकाश काळं केलं. गावभागात शिरलेल्या पाण्याला लाटा नसतात. ते गटारातून, नाल्यातून, उंबऱ्याखालून येतं, आवाज न करता, आणि मग दिवसेंदिवस तसंच उभं राहतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या प्रमाणात खरी उंची दिसेना, म्हणून तिच्या जागी आवेश आला. माझ्या मते या प्रकरणातली पहिली शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे : लांबून घेतलेलं मोठं चित्र चित्रकाराला खोटं बोलायला सांगत नाही, पण खऱ्यासाठी जागाही ठेवत नाही.

पतसंस्थेला चित्र आवडलं. अर्ध्या टप्प्यावर संचालक बघून गेले, खूश झाले. त्यांच्याबरोबर संस्थेचे शिपाई आले होते, गावभागातलेच. सगळे त्यांना मामा म्हणायचे. सगळे बाहेर पडल्यावर ते मागे थांबले आणि त्यांनी विचारलं, "हे किती फुटांचं पाणी दाखवलंय ओ?"

त्याला उत्तर देता येईना. त्याने मला रात्री फोन केला तेव्हा एवढंच बोलत होता : "सर, मी पाणी काढलं, पण किती फूट ते ठरवलंच नाही." आणि मामांचा प्रश्न अगदी साधा होता. ५० फुटांच्या पाण्यात त्यांची गल्ली वेगळी असते, ५४ ला वेगळी, ५७ ला वेगळी. ५० ला माणसं सामान वर चढवत असतात, ५४ ला माळ्यावर बसलेली असतात, ५७ ला तिथे कुणी नसतं. आकड्याशिवाय 'पुरातला गावभाग' असं काही नसतंच.

त्याने नकाशे धुंडाळले, कुठे काही हाती लागेल म्हणून. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा घेतला, तो पन्नास हजाराला एक या प्रमाणाचा. एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. गावभाग त्यात अंगठ्याच्या नखाखाली झाकतो. त्या नकाशांवर समान उंचीच्या रेषा सहसा वीस-वीस मीटरच्या अंतराने काढतात, म्हणजे साधारण ६५ फूट. आयर्विन पुलाजवळची शून्यापासून ५७ फुटांपर्यंतची सगळी चढउतार अशा दोन रेषांमधल्या अंतराहूनही कमी भरते. लाखो माणसांचं जे काही झालं ते नकाशाच्या दृष्टीने सपाट जमिनीवर झालं.

मग सिटी सर्व्हेचा, पाचशेला एक या प्रमाणाचा. तिथे सेंटिमीटरला पाच मीटर, म्हणून गल्ली दिसते, घराची हद्द दिसते, सामायिक भिंत कुणाची यावरून होणारी भांडणंही दिसतात असं म्हणायला हरकत नाही. जमीन मोजण्याची आपली पद्धत आडवीच आहे. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीच्या चौरसाला गुंठा, चाळीस गुंठ्यांना एकर. वाडा किती गुंठ्यांचा ते कागदावर असतं. जोतं किती उंच ते या कागदांवर नसतं. आणि गावभागातलं आयुष्य निम्मं उभ्या मापावर चाललेलं आहे.

क्वार्टर शीट

दुसऱ्या प्रयत्नात माझी चूक आहे, ती मांडतो. मी त्याला म्हणालो, "मोठं बाजूला ठेव. गल्लीत जाऊन बस. क्वार्टर इम्पिरियलवर काम कर." अकरा बाय पंधरा इंच, मांडीवर मावणारा कागद. मी आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो : लहान कागद, जवळचा विषय, प्रामाणिक काम. तो महिनाभर बसला. एका गल्लीत, सकाळी साडेसात ते दहा. तीस-बत्तीस चित्रं झाली आणि ती सुंदर होती. कडीकोयंड्याची दारं, फुगून वाकडी झालेली चौकट, लोणा लागून पोपडे सुटलेली भिंत, ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडया, कोनाड्यातली पणती.

मी एकेक बघत गेलो आणि खूश होत गेलो. मग सगळी जमिनीवर एका ओळीत मांडली आणि काहीतरी बिनसलं आहे असं वाटायला लागलं. प्रत्येक चित्रात पुराची खूण होती. गाळाची तपकिरी रेघ कुठे खाली, कुठे मधे, कुठे कागदाच्या वरच्या कडेला. पण ती रेघ आता भिंतीचा पोत झाली होती. जलरंगात असे डाग फार देखणे येतात, ओल्यावर ओलं सोडलं की आपोआप. ज्या ओळीवर एखाद्या बाईने घर सोडलं, ती ओळ बघणाऱ्याला छान रंगकाम वाटत होती. शिवाय प्रत्येक दार आपल्या चौकटीत एकटं. शेजारी कोण, उतार कुठे, पाणी कुठून आलं, काहीच नाही. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली, असं इथे परंपरेने सांगतात. या तीस चित्रांत दारं होती, गल्ली एकही नव्हती.

पण त्या महिन्यात एक गोष्ट सापडली. गल्लीच्या साधारण मध्यावर उभं राहून त्याने यथार्थदर्शनात एक चित्र काढलं, दोन्ही बाजूंची घरं दूर एका बिंदूकडे मिळत जाणारी. डोळ्याच्या पातळीची रेषा नेहमीप्रमाणे आधी आखून घेतली. मग भिंतींवरच्या खुणा काढायला गेला, तर २००५ ची खूण त्या रेषेवरच येऊन बसली. वरच्या खिडक्यांच्या रेषा खाली उतरत जातात, पायऱ्यांच्या रेषा वर चढत जातात, आणि ही एकच रेघ डावीकडून उजवीकडे सरळ. दृष्टीच्या पातळीवरचं प्रतल कडेने बघितलं की रेष होतं, हे मी शाळेत फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवलं असेल. त्याचा अर्थ मला त्या कागदावर कळला. तो जिथे उभा होता तिथे २००५ चं पाणी नेमकं त्याच्या डोळ्यांना टेकलेलं होतं.

त्याच सुमारास तो सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन आला. औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात पहाडी आणि इतर शैलींची लघुचित्रं आहेत. तळहाताएवढ्या कागदात वाडा असतो, आणि चित्रकाराने समोरची भिंत सरळ काढून टाकलेली असते. आत कोण बसलंय, फडताळात काय ठेवलंय, सगळं दिसतं. माणसं दारापेक्षा मोठी असली तरी चालतात. तो म्हणाला, "सर, ते लोक लहान कागदावर अख्खं घर उघडतात. मी लहान कागदावर फक्त दार काढतोय." मला या वाक्याने बरं वाटलं. मुलगा बघायला शिकला होता.

रोल

तिसरं प्रमाण त्याने गल्लीकडून घेतलं. गल्लीचं माप फुटांत, पुलाचं माप फुटांत, म्हणून चित्राचं ठरवलं : इंचाला फूट. जमिनीवरचा एक फूट कागदावर एक इंच, उभ्यातही आणि आडव्यातही. गल्लीची एक बाजू १८० फूट, म्हणजे पंधरा फुटांचा रोल. सगळ्यात उंच घर पंचवीस फुटांचं, म्हणून तीस इंच रुंदीचा कागद पुरला. यथार्थदर्शन पूर्ण बाजूला. घरं समोरून, एकाशेजारी एक, वस्तीत उभी राहतात तशी.

आता प्रश्न पाण्याच्या रेषेचा. लोकांनी चौकटींवर ऑइलपेंटने खुणा करून ठेवलेल्या, शेजारी साल लिहिलेलं. पण जमिनीपासून मोजाव्यात तर प्रत्येक दारी वेगळं माप. गल्लीच्या वरच्या टोकाचे काका सांगत, "२००५ ला कंबरभर." मधल्या घरांत, "गळ्याएवढं." घाटाकडच्या टोकाला, "दारच बुडालं, चौकटीचा वरचा दांडा दिसत नव्हता." प्रत्येकाला आपलं खरं वाटत होतं आणि दुसऱ्याचं थोडं वाढवून किंवा कमी करून सांगितल्यासारखं. मदतीचे पंचनामे झाले तेव्हापासूनची ती जुनी कुजबुज होती.

गल्लीतल्याच एका गवंड्याने मार्ग दाखवला. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी, पाणी भरलेली. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला थांबतं, मधे काहीही असो. मधल्या घराच्या चौकटीवरच्या २०१९ च्या खुणेला एक टोक लावलं आणि दुसरं टोक घेऊन घराघराने सरकत गेले. दोन सकाळी लागल्या. बहुतेक खुणा पातळीत आल्या. दोन घरांत इंच-दोन इंचांचा फरक निघाला, आणि चौकशी केल्यावर कळलं की त्या खुणा भिंती धुऊन झाल्यावर आठवणीने केलेल्या होत्या.

जमीन मात्र पातळीत नव्हती. त्या १८० फुटांत गल्ली चार फूट उतरते. रोज जाणाऱ्या माणसाला हा उतार जाणवत नाही, फक्त सायकलवरून घाटाकडे जाताना पायडल मारावं लागत नाही. रोलवर मात्र तळाची रेषा चार इंचांनी खाली गेली आणि तिच्यावर पाण्याच्या रेषा पंधरा फूट सरळ धावल्या. २००५ ची एक, तिच्या साडेतीन-चार इंच वर २०१९ ची. पुलावरच्या दोन आकड्यांत जेवढे फूट, रोलवर तेवढेच इंच. २०२१ ची त्यांच्या मधे, २००५ च्या जवळ. कंबरभर, गळ्याएवढं आणि बुडालेलं दार, सगळं एकाच रेषेवर. ही रेषा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पतसंस्थेच्या बारा फुटी चित्रात इतका काळोख ओतला होता, त्याने मला काही झालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट रोलवरच दिसली. गल्लीच्या वरच्या टोकाच्या जुन्या घरांना दोन पायऱ्या आहेत, मध्यावर पाच, घाटाकडे आठ. रस्त्यावरून बघताना वाटतं, ज्याची जशी ऐपत. कागदावर मात्र जुन्या जोत्यांचे माथे जवळजवळ एका पातळीला येतात. गल्लीतल्या एका आजोबांचं म्हणणं, जुन्या लोकांनी त्यांच्या वेळच्या पाण्याला जुळवून जोती बांधली. लेखी पुरावा कुणाकडे नाही, पण मला ते पटतं. नंतर बांधलेल्या तीन स्लॅबच्या घरांची जोती या ओळीत नाहीत, ती रस्त्याला धरून आहेत. त्या तिन्ही घरांत २००५ ला सगळ्यात जास्त नुकसान झालं.

मग त्याने औंधची युक्ती वापरली. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या घरांच्या समोरच्या भिंती उघडल्या. सोपा, माजघर, माळ्याची शिडी, गॅसची टाकी, शिवणयंत्र. इंचाला फूट या प्रमाणात गॅसची टाकी जेमतेम दोन इंचांची येते, तिच्यावरचं नाव लिहिता येत नाही पण तिचा गळा काढता येतो. माणूस साडेपाच इंचांचा. मला हे प्रमाण योग्य वाटतं ते याच कारणासाठी. बोट ठेवून "हे आमचं" म्हणता येईल इतकं मोठं, आणि शेजारी दिसत राहील इतकं लहान. याहून मोठं केलं असतं तर गल्ली एका नजरेच्या टप्प्यात राहिली नसती. याहून लहान केलं असतं तर दोन पुरांमधलं अंतर पेन्सिलीच्या जाडीत गेलं असतं.

पतसंस्थेने रोल नाकारला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं : पंधरा फूट त्यांच्या भिंतीवर बसत नाही, आकाश नाही, नदी नाही, बाहेरच्या पाहुण्याला कळणार नाही. बारा फुटी कॅनव्हास त्याने पूर्ण करून दिला. फक्त लाटा काढून टाकल्या, आणि मामांना विचारून पाणी ५४ फुटांचं केलं. तेवढ्याने चित्र बरंच सुधारलं.

रोल २०२२ च्या गणेशोत्सवात गल्लीतच लावला, मंडपासमोरच्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. पहिल्या संध्याकाळी मी खुर्ची टाकून बसलो होतो. लोक आपलं दार शोधत नव्हते, ते लगेच सापडत होतं. ते शेजारच्याच्या घरातली रेषा बघत होते. वरच्या टोकाचे काका घाटाकडच्या घरापाशी बराच वेळ उभे राहिले, मग त्या घरच्या माणसाला म्हणाले, "तुमच्याकडं एवढं होतं होय रे?" तो म्हणाला, "एवढंच होतं, तुमच्याइतकंच. आम्ही खाली आहे म्हणून." 

दुसऱ्या दिवशी मधल्या घरातल्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या माजघराची भिंत त्याने उघडून काढली होती, आत फडताळ, आणि फडताळाच्या वरच्या फळीवर २०१९ ची रेषा. आजींनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे चुकलं बघ बाळा. वरच्या फळीला पाणी लागलं नव्हतं. दोन बोटं खाली राहिलं."

"आजी, मी नळी लावून मोजलंय."

"पाणी मोजलंस. फळी मोजलीस का?"

फळी त्याने अंदाजाने काढली होती. दोघे आत गेले, मी मागोमाग. त्या फळीवर पत्र्याची एक पेटी होती. घराचं खरेदीखत, रेशनकार्ड आणि आजींच्या यजमानांचा एकुलता एक फोटो त्या पेटीत असतो, आणि तिन्ही पुरांत तो कोरडा राहिला. त्याने टेप लावला. चौकटीवरच्या खुणेपासून फळीच्या बुडाशी अंतर भरलं दीड इंच. आजींनी त्यात आपली दोन बोटं आडवी धरून दाखवली, बरोबर बसली.

दीड इंच म्हणजे रोलवर एक सूत. त्याने प्लॅस्टिक वर केलं, पेन्सिलीला टोक काढलं, फळी खोडरबराने पुसली, आणि पाण्याच्या रेषेच्या वर एक सूत जागा सोडून पुन्हा काढली. आजी खांद्यामागून बघत होत्या. "आता पेटी काढ," म्हणाल्या.